थांबा, पाहा, मगच जा!

'ड्रायव्हर' म्हटलं की आमच्या खर्डीत लोकांना स्टेशनबाहेरचा जीपवाला आठवतो. कॉम्प्युटरच्या आतही ड्रायव्हर असतो आणि आपण त्याचाच अभ्यास करतोय असं सांगितलं, की घरचे हसतात. पण विचार केला तर दोघांचं काम सारखंच आहे. माल असो वा माणसं, या टोकाकडून त्या टोकाला नीट पोचवायची. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पॅकेट पोचवतो, जीपवाला पॅसेंजर. आणि दोघांनाही एक सवय असते, ती म्हणजे थांबण्याची.

मित्रांनो, या लेखात मला भांडायचंय ते या थांबण्याविरुद्ध. सगळ्याच नाही, विनाकारण थांबण्याविरुद्ध. आपल्या लॅबमध्ये कोणताही प्रोग्रॅम अडला, बोर्ड उत्तर देईना, की मागच्या बाकावरून हमखास एक सल्ला येतो: "अरे, मध्ये एक डिले टाक ना, चालेल." आपण डिले टाकतो आणि गंमत म्हणजे ते खरंच चालतं. मग जर्नलमध्ये आउटपुट चिकटवायचं, सही घ्यायची आणि लोकल पकडायची. तो डिले का टाकला, 1000च का टाकला, 10 का नाही, हे कुणी विचारत नाही. परीक्षकही नाही. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न न विचारणं हीच आपल्या शिक्षणातली मोठी खोट आहे. कारण आज लॅबमध्ये टाकलेला डिले उद्या नोकरीत, खऱ्या मशिनमध्ये जातो आणि तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

आधी थोडं तांत्रिक बोलूया. ज्यांना माहीत आहे त्यांनी कंटाळू नये.

लिनक्सच्या कर्नलमध्ये थांबायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जागच्या जागी पाय आपटत उभं राहणं. 'यूडिले' आणि 'एमडिले' ही फंक्शन्स हेच करतात. प्रोसेसर रिकामं लूप फिरवत राहतो, दुसरं काही करत नाही. दुसरा मार्ग म्हणजे "मला एवढ्या वेळाने उठव" असं सांगून बाजूला होणं. 'एमस्लीप' आणि 'यूस्लीप रेंज' ही फंक्शन्स तसं करतात. तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसऱ्याचं काम करतो. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला 1 मिलिसेकंद म्हणजे 10 लाख क्लॉक सायकल. एमडिले(100) लिहिलं की 10 कोटी सायकल आपण सरळ चुलीत घातल्या.

"मग सगळीकडे एमस्लीप वापरू", असं म्हणाल तर तिथेही गोम आहे. इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक धरलेला असताना झोपता येत नाही. आणि एमस्लीप(1) म्हणजे 1 मिलिसेकंद असं समजू नका. कर्नलचं घड्याळ सेकंदाला 100 टोले देत असेल, तर एमस्लीप(1) मागितल्यावर प्रत्यक्षात 20 मिलिसेकंदांपर्यंत झोप लागू शकते. आता एखाद्याने प्रत्येक रजिस्टर लिहिल्यावर एकेक एमस्लीप(1) टाकला आणि अशी 100 रजिस्टरं असली, तर त्याच्या मते 100 मिलिसेकंद गेले, प्रत्यक्षात 2 सेकंद. हीच अडचण ओळखून 2010 मध्ये यूस्लीप रेंज हे फंक्शन कर्नलमध्ये आलं. "किमान एवढं, कमाल एवढं" अशी मर्यादा त्याला देता येते.

आता कुणी म्हणेल, "दोन-पाच मिलिसेकंदांनी काय आभाळ कोसळतं?" बघूया. रिअलटेकचं आरटीएल 8139 हे कार्ड. 2000 नंतरच्या दशकात कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेमध्ये, जिकडेतिकडे हेच असायचं. अजूनही जुन्या लॅबच्या भंगारात एखादं सापडेल. लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर येणारी पॅकेट ठेवायला 32 केबीचा गोल बफर देतो. लाइन 100 मेगाबिटची आहे. भागाकार करून पाहा. लाइन पूर्ण भरून वाहत असेल, तर हा बफर सुमारे अडीच मिलिसेकंदांत काठोकाठ भरतो. म्हणजे इंटरप्ट बंद ठेवून कुणी तीन मिलिसेकंद 'पाय आपटत' उभा राहिला, तर पुढची पॅकेट सांडायला लागतील. सांडलेलं पॅकेट पुन्हा मागवावं लागतं. लिनक्समध्ये टीसीपीचा रिट्रान्समिशन टायमर सहसा 200 मिलिसेकंदांच्या खाली जात नाही. तीन मिलिसेकंदांच्या आळसाची किंमत प्रसंगी दोनशे मिलिसेकंद! गिगाबिट लाइनवर तर हिशोब आणखी कठीण. तिथे लहानात लहान फ्रेम 0.672 मायक्रोसेकंदात येते, म्हणजे एका मिलिसेकंदात जवळजवळ 1,488 फ्रेम. 256 खणांची रिंग 172 मायक्रोसेकंदांत भरते.

त्याच 8139च्या ड्रायव्हरमध्ये मात्र थांबण्याचा एक आदर्श नमुनाही आहे. चिप रिसेट केली की ती तयार व्हायला थोडा वेळ लागतो. तिथे सरसकट 10 मिलिसेकंद थांबलेलं नाही. कोड 10 मायक्रोसेकंद थांबतो, रिसेटचा बिट खाली आला का पाहतो, आला असेल तर लगेच पुढे जातो. नसेल तर पुन्हा 10 मायक्रोसेकंद. असं जास्तीत जास्त 1000 वेळा. चिप लवकर तयार झाली तर लवकर सुटका, उशीर झाला तर 10 मिलिसेकंदांची कमाल मर्यादा आहेच. रेल्वे फाटकावरची पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे: थांबा, पाहा, मगच जा. चांगला ड्रायव्हर नेमकं हेच करतो. वाईट ड्रायव्हर फक्त थांबतो, पाहतच नाही. गाडी कधीच गेलेली असते, रूळ मोकळे असतात आणि हा आपला हँडब्रेक लावून घड्याळ बघत बसलेला.

ठोक आकडा टाकून थांबण्यात आणखी एक गंमत आहे. तो आकडा बहुतेक वेळा जास्त असतो, पण कधीकधी कमीही पडतो. लिनक्स कर्नलमध्ये डिस्कशिवाय बूट होणाऱ्या मशिनसाठी आयपी पत्ता आपोआप मिळवण्याची सोय आहे. त्यात नेटवर्क कार्ड चालू केल्यावर ठोक 1 सेकंद थांबायचं असं लिहून ठेवलेलं होतं. लिंक पटकन मिळाली तर उरलेला वेळ वाया. आणि लिंक यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मशिन रूट फाइल सिस्टिम सापडत नाही म्हणून बसायचं. 2011 मध्ये हा ठोक सेकंद काढून टाकण्यात आला. त्याऐवजी निदान एका कार्डावर तरी कॅरियर येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने बघत राहायचं, असं ठरलं. एकाच बदलाने घाई असलेल्याचा वेळ वाचला आणि उशीर होणाऱ्याचं बूटही व्हायला लागलं. यावरून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. ठोक डिले सुरक्षित असतो, हा नुसता समज आहे. न पाहता थांबणारा माणूस सावध आहे असं कुणी म्हणत नाही. मग ड्रायव्हरला तरी का म्हणायचं?

त्याच वर्षातलं दुसरं उदाहरण तर थेट ड्रायव्हरचं आहे. यूएसबीला लावायच्या इथरनेट अडॅप्टरमध्ये एएक्स 88772 नावाची चिप असते. तिच्या रिसेटला सुमारे 2 सेकंद लागत होते आणि तो रिसेट दोनदा होत होता: एकदा अडॅप्टर खोचल्यावर आणि पुन्हा इंटरफेस चालू करताना. क्रोमियम ओएसवर काम करणाऱ्या ग्रँट ग्रंडलर यांनी पॅच पाठवून सुमारे दोन सेकंद वाचवले. कसे? डिलेचे आकडे कातरून नव्हे. "हे काम दोनदा का करतोय?" एवढंच विचारून. सर्वांत मोठी बचत बऱ्याचदा अशीच असते.

आता उलट बाजू. ही मांडली नाही तर लेख एकतर्फी होईल, आणि एखादा उत्साही ज्युनिअर उद्या सगळे डिले पुसून टाकेल.

खर्डीच्या पुढे उंबरमाळी आणि मग कसारा. कसाऱ्याला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात आणि मागून बँकर इंजिनं लावून घेतात, कारण पुढे थळ घाटाचा 1:37चा चढ आहे. हे थांबणं कुणाला आळस वाटेल का? न थांबता निघाली तर गाडी घाटात अडकेल. चिपचंही तसंच. मायक्रोचिपचं ईएनसी 28जे60 हे अठ्ठावीस पायांचं इथरनेट कंट्रोलर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी प्रोजेक्टमध्ये वापरलंय. स्वस्त आहे, एसपीआयवर चालतं, 10 मेगाबिट देतं. रिसेट दिल्यावर 'घड्याळ तयार' असं सांगणारा एक बिट त्यात आहे. नियमाप्रमाणे तो बिट बघत थांबायला हवं. पण कंपनीने स्वतःच चुकांच्या यादीत, म्हणजे एराटामध्ये, लिहिलंय की रिसेटनंतर त्या बिटवर विश्वास ठेवू नका, किमान 1 मिलिसेकंद थांबा. इथे पाहण्यासारखं काही नाहीच, कारण पाटीच खोटं बोलते. तेव्हा ठोक थांबणं हाच मार्ग.

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तो डिले आहे आणि शेजारी एराटाचा उल्लेखही आहे. मला हे फार आवडलं. वाचणाऱ्याला लगेच कळतं, की हा आकडा हवेतून आलेला नाही. तरीही मी वाचलेल्या कोडमध्ये 1 मिलिसेकंदाऐवजी 2000 मायक्रोसेकंद होते आणि तेही यूडिले वापरून, म्हणजे पाय आपटत. एसपीआयची देवाणघेवाण मुळातच झोपू शकणाऱ्या ठिकाणी चालते. मग इथे झोपायला काय हरकत होती, असा प्रश्न माझ्या मनात आला. सांगायचा मुद्दा एवढाच, की योग्य कारणासाठी थांबतानाही कसं थांबायचं याचा विचार सुटू शकतो.

थांबण्याचा आणखी एक चांगला प्रकार आमच्या स्टेशनबाहेर रोज दिसतो. जीपवाला एका पॅसेंजरसाठी निघत नाही. थोडे जमू देतो. पण लोकलची गर्दी संपली आणि आता कुणी येत नाही असं दिसलं, की सीट रिकामी असली तरी निघतो. नेटवर्क कार्डात यालाच इंटरप्ट कोअलेसिंग म्हणतात: इतकी पॅकेट जमली किंवा इतके मायक्रोसेकंद झाले, जे आधी होईल ते, मगच प्रोसेसरला हाक मारायची. लिनक्समधलं नापी हे तंत्रही याच घरातलं. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी 2001 मध्ये ते मांडलं. पहिलं पॅकेट आलं की इंटरप्ट बंद करायचे आणि एका फेरीत साधारण 64पर्यंत पॅकेट एकदमच उचलायची. इथे एका पॅकेटला थोडं थांबावं लागतं, पण सगळ्यांचा मिळून फायदा होतो. आणि हा आकडा बदलण्याची सोय वापरणाऱ्याच्या हातात असते. हे थांबणं विचार करून ठरवलेलं आहे.

म्हणजे थांबण्याचे तीन प्रकार झाले. हार्डवेअरला हवं म्हणून थांबणं, सगळ्यांच्या फायद्यासाठी थांबणं, आणि कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय म्हणून थांबणं. भांडण तिसऱ्याशी आहे. आणि पहिल्या प्रकारातला डिले काही वर्षांनी गुपचूप तिसऱ्या प्रकारात जातो, ही खरी मेख आहे.

पुन्हा रेल्वेकडे बघा. एकेकाळी इगतपुरीला इंजिन बदलायला गाडी थांबायची, कारण मुंबईकडे 1500 व्होल्ट डीसी आणि पलीकडे 25 हजार व्होल्ट एसी. पुढे दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं आली, आणि 2015 मध्ये मुंबईपर्यंतचा मार्ग पूर्ण एसी झाला. त्या थांब्याचं मूळ कारणच गेलं. 10 फेब्रुवारी 2023 रोजी मुंबई–शिर्डी वंदे भारत सुरू झाली, ती तर बँकर न लावताच घाट चढते, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून डब्याडब्यांत वाटलेली आहे. गाडी बदलली तसा थांबाही बदलला. उद्या कुणी नियम आहे म्हणून वंदे भारतलाही कसाऱ्याला बँकरसाठी उभं केलं तर आपण त्याला हसू. पण कोडमध्ये आपण हेच करत असतो. डोनाल्ड बेकर यांनी 1990च्या दशकात लिहिलेल्या नेटवर्क ड्रायव्हरांमध्ये ईप्रॉम वाचताना घड्याळाच्या दोन टप्प्यांत किती थांबायचं, याबद्दल एक शेरा आहे. त्याचा भावार्थ असा, की 33 मेगाहर्ट्झच्या पीसीआयवर वेगळ्या डिलेची गरज नाही, पण 66 मेगाहर्ट्झवर कदाचित लागेल. कारण लिहिलं, आणि ते कारण कधी बदलेल हेही लिहिलं! पुढच्या माणसाला याहून मोठी मदत ती काय?

याउलट कारण न लिहिलेल्या डिलेला हात लावायला सगळे घाबरतात. "चालतंय ना, मग राहू दे." असा डिले कित्येकदा खरी चूक झाकून ठेवतो. उदाहरणार्थ, पीसीआयवर रजिस्टरमध्ये लिहिलेली किंमत लगेच कार्डापर्यंत पोचतेच असं नाही, ती वाटेत ब्रिजमध्ये थांबू शकते. टपालपेटीत पत्र टाकलं आणि त्याच क्षणापासून उत्तराचे दिवस मोजायला लागलो, असा तो प्रकार. लिहिल्यानंतर 10 मायक्रोसेकंद थांबलो असं आपल्याला वाटतं, पण कार्डाच्या दृष्टीने ती 10 मायक्रोसेकंदं सुरूच झालेली नसतात. यावर उपाय डिले वाढवणं हा नाही. तेच कार्ड एकदा वाचून घ्यायचं, म्हणजे लिहिलेलं पोचल्याची खात्री होते, आणि मग मोजायला सुरुवात करायची. जो हे समजून घेत नाही तो 10चे 100 करतो, 100चे 1000 करतो, आणि एक दिवस वेगळ्या मदरबोर्डावर ते कार्ड पुन्हा अडतं.

वेगाच्या भरवशावर लिहिलेला डिले कसा उलटतो, याचा एक जुना किस्सा आपल्या सीनिअर्सना आठवेल. टर्बो पास्कलचे प्रोग्रॅम. त्यातलं सीआरटी युनिट सुरुवातीलाच मशिनचा वेग मोजायचं: 55 मिलिसेकंदांत किती लूप झाले ते मोजून त्याला 55ने भागायचं. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात 200 मेगाहर्ट्झच्या आसपासचे नि पुढचे प्रोसेसर आले आणि भागाकाराचं उत्तर 16 बिटांत मावेना. प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच 'रनटाइम एरर 200' देऊन बंद! मशिन वेगवान झालं म्हणून प्रोग्रॅम मेला. प्रोग्रॅममध्ये डिलेचा उपयोग केलेला असो वा नसो.

आता कुणी विचारेल, हे सगळं कर्नलवाल्या लोकांचं, खर्डी-शहापूरच्या पोरांना त्याचं काय? मला वाटतं, आपल्यालाच सगळ्यात जास्त आहे.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आहे. तिथे शेअर दलाल आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात ठेवायला पैसे मोजतात, कारण काही मायक्रोसेकंद वाचतात. पुण्याच्या सी-डॅकने परम संगणकांसाठी परमनेट हे स्वतःचं नेटवर्क बनवलं. हजारो प्रोसेसर एकमेकांची वाट बघत असतील तर प्रत्येक मायक्रोसेकंदाला हजाराने गुणावं लागतं, हे तिथल्या लोकांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. म्हणजे जिथे पैसा आहे किंवा जिथे संशोधन आहे, तिथे थांबण्याचा हिशोब ठेवला जातो.

आमच्या भागात तो कोण ठेवतो? रेशन दुकानात आता ई-पॉस मशिन आहे. अंगठा लागल्याशिवाय धान्य नाही. गावागावांत "थंब लागत नाही" हे वाक्य इतकं रुळलंय, की ज्यांना 'नेटवर्क' शब्द माहीत नाही तेही ते म्हणतात. पाड्यावरची कातकरी, ठाकूर बाई सकाळी रांगेत उभी राहते, आणि नंबर दुपारी लागला तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर या रांगेतला बराचसा वेळ रेंज आणि सर्व्हर खातात. सगळं खापर ड्रायव्हरवर फोडणं हा अन्याय होईल. पण रेंज गेली, मशिन बंद करून पुन्हा चालू केलं, लाइट गेली, राउटर पुन्हा बूट झाला, अशा प्रत्येक वेळी आतला कोड कुठे 100 मिलिसेकंद, कुठे 500 मिलिसेकंद, कुठे अख्खा सेकंद थांबत थांबत पुढे सरकतो. टॉवर उभा करणं आपल्या हातात नाही. सर्व्हर आपल्या हातात नाही. कोडमधला तो आकडा मात्र कुणातरी आपल्यासारख्याच इंजिनिअरच्या हातातला असतो. ज्याच्या टेबलावर केबल जोडलेली आहे, लाइट जात नाही आणि दिवसातून एकदाच बूट होतं, त्याला एक सेकंद म्हणजे काहीच नाही. जिथे लाइट दिवसातून चारदा जाते आणि पन्नास माणसं रांगेत आहेत, तिथे तो सेकंद दोनशे माणूस-सेकंद होतो. डिलेची किंमत लिहिणारा मोजत नाही, रांगेतला मोजतो. म्हणून रांगेत उभं राहिलेल्या घरातली पोरं जेव्हा इंजिनिअर होतात, तेव्हा त्यांनी तरी हा हिशोब विसरू नये.

आणि हे होऊ शकतं, यालाही पुरावा आहे. 2008 मध्ये इंटेलच्या दोन इंजिनिअरांनी, आर्यन व्हॅन डी वेन आणि ऑके कोक यांनी, आसुसचा छोटा ईईई पीसी 5 सेकंदांत बूट करून दाखवला. त्यांची भूमिकाच निराळी होती. "बूट जरा वेगवान करू" असं न म्हणता त्यांनी 5 सेकंदांचं बजेट ठरवलं आणि प्रत्येक घटकाला त्यातला वाटा दिला. जो वाट्याबाहेर जाईल त्याने कारण द्यावं. पुढच्याच वर्षी ड्रायव्हरांची काही कामं एकामागून एक न करता शेजारी शेजारी चालवण्याची सोय कर्नलमध्ये आली. घरखर्चाचं बजेट आपल्या आयांना जमतं, वेळेचं बजेट आपल्याला का जमू नये?

आता नुसती टीका करून थांबलो तर माझाही लेख विनाकारण डिले ठरेल. म्हणून आपल्याच कॉलेजसाठी काही सूचना.

पहिली. लॅबच्या जर्नलमध्ये प्रोग्रॅमच्या खाली एक छोटा तक्ता असावा: कुठे थांबलो, किती थांबलो, आणि तो आकडा डेटाशीटच्या कुठल्या पानावरून घेतला. पान सापडलं नाही तर तसं स्पष्ट लिहावं आणि किती मोजलं ते लिहावं. मार्क कापायला नाही, सवय लागायला.

दुसरी. ओरलमध्ये परीक्षकांनी एक प्रश्न ठरवूनच विचारावा: "हा आकडा कुठून आला?" माझी खात्री आहे, पहिल्या वर्षी निम्मा वर्ग गप्प बसेल आणि दुसऱ्या वर्षी सगळे डेटाशीट वाचून येतील. आपल्याकडे जे विचारलं जातं तेच वाचलं जातं, हे कटू असलं तरी खरं आहे.

तिसरी. जिथे बिट बघता येतो तिथे बघून पुढे जावं, आणि बघण्यालाही कमाल मर्यादा असावी. मर्यादा नसलेलं बघणं म्हणजे दुसरं टोक. चिप मेलेली असेल तर कोड कायमचा तिथेच बसेल. इथरनेटच्या पीएचवाय चिपचंच उदाहरण घ्या. रिसेट अर्ध्या सेकंदाच्या आत संपला पाहिजे असा आयईईई 802.3चा नियम आहे, आणि संपला की रिसेटचा बिट आपोआप शून्य होतो. म्हणजे अर्धा सेकंद ही कमाल मर्यादा आहे. काही जण तीच किमान समजून ठोक 500 मिलिसेकंद थांबतात. नियम नीट वाचला तरी अर्धं काम होतं.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत सोपी. ज्यांना प्रोजेक्टसाठी विषय सुचत नाही, त्यांनी नवीन काही बनवण्याआधी चालू असलेला एक ड्रायव्हर घ्यावा. लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला आहे. कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोह-हार्टमन यांचं 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' हे 2005च्या तिसऱ्या आवृत्तीचं पुस्तकही फुकट वाचता येतं. त्यातला काळ आणि डिलेवरचा सातवा धडा तर चुकवूच नये. कोडची काही नावं आता जुनी झालीत, विचार जुना झालेला नाही. मग त्या ड्रायव्हरमधला प्रत्येक डिले शोधायचा, डेटाशीटशी ताडून बघायचा, आणि तीन रकाने करायचे: गरजेचा, जास्तीचा, कारण न सापडलेला. तिसऱ्या रकान्यातल्याला लगेच पुसायचं नाही. आधी मोजायचं, वेगवेगळ्या मशिनवर पाहायचं, मग बोलायचं. यात चकचकीत डेमो नाही, गॅदरिंगला दाखवण्यासारखं काही नाही. पण असा एक प्रोजेक्ट नीट झाला, तर त्यातून गेलेला पॅच जगभरच्या मशिनमध्ये पोचू शकतो. आपल्या भागातल्या कुठल्यातरी दुकानातल्या मशिनमध्येसुद्धा.

तेव्हा पुढच्या वेळी मागच्या बाकावरून "एक डिले टाक ना" असा आवाज आला, तर त्याला एवढंच विचारा: "टाकतो रे, पण कशाची वाट बघायची तेवढं सांग." त्याला सांगता आलं, तर बहुधा डिलेची गरजच राहणार नाही, तीच गोष्ट बघून पुढे जाता येईल. आणि नाही सांगता आलं, तर दोघं मिळून डेटाशीट उघडा. लोकल सुटली तर सुटू दे, मागून दुसरी असतेच!